वही कोणाची?
व्यापाराचे सॉफ्टवेअर करून घेताना ब्रिटिश पोस्टाचा एक धडा

गेल्या लक्ष्मीपूजनाला सांगलीच्या मार्केट यार्डात भाच्याच्या अडत दुकानी गेलो होतो. पाटावर लाल कापडी बांधणीची नवी वही होती आणि तिच्या शेजारी लॅपटॉप. गुरुजींनी वहीवर हळदकुंकू वाहिले, तसेच एक बोट लॅपटॉपच्या झाकणावरही टेकवले. पूजा आटोपल्यावर भाच्याने माझ्या हाती तीन कागद दिले. हळदीचे सौदे, तोलाई, हमाली, अडत, शेतकऱ्यांना दिलेली उचल, जीएसटी हे सारे एका जागी सांभाळणारे सॉफ्टवेअर त्याला बनवून घ्यायचे होते. कागद म्हणजे तीन कंपन्यांची दरपत्रके.

"मामा, तुमचा जन्म हिशेबात गेला. यातली कुठली घेऊ? ही सगळ्यात स्वस्त पडतेय."

मी पतसंस्थेत कारकुनी केलेला माणूस. संगणक शिकलो तो गरजेपुरता. उत्तरासाठी थोडा वेळ मागून घेतला आणि सवयीप्रमाणे जुनी प्रकरणे वाचत बसलो. वाचता वाचता ब्रिटनच्या पोस्टापाशी येऊन थांबलो. तिथेही आधी तीन दरपत्रकेच होती.

ब्रिटनमधली बहुतेक छोटी पोस्ट ऑफिसे सरकारी नोकर चालवत नाहीत. गावातला एखादा दुकानदार करारावर पोस्टाचे काम पाहतो. त्याला सबपोस्टमास्टर म्हणतात. एका बाजूला बिस्किटे आणि वर्तमानपत्रे, दुसऱ्या बाजूला पोस्टाची खिडकी. हिशेबात तूट आली की पोस्ट ती त्याच्याकडूनच भरून घेई. नव्वदच्या दशकात सरकारी भत्ते कार्डावर देण्यासाठी आणि पोस्टाचे काउंटर संगणकावर नेण्यासाठी निविदा मागवल्या गेल्या. १९९६ साली आयसीएल कंपनीच्या 'पाथवे' या उपक्रमाला काम मिळाले. पुढे राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०००च्या अहवालात नोंद झाली, की तांत्रिक आणि व्यवस्थापकीय अशा ११ निकषांपैकी ८ निकषांवर ही निविदा तिघांत शेवटची होती. पण ती किमतीत उजवी होती आणि जोखीम आपल्या अंगावर घेत होती. भत्त्याच्या कार्डाचा भाग १९९९ मध्ये रद्द झाला. उरलेली व्यवस्था 'होरायझन' या नावाने पोस्टात आली. आयसीएल पुढे फुजित्सूमध्ये विलीन झाली.

त्यानंतर गावोगावच्या खिडक्यांवर न जुळणाऱ्या शिलका दिसू लागल्या. सबपोस्टमास्टर रात्र रात्र तेरजा मारत, तूट सापडत नसे. कुणी घर गहाण टाकून पैसे भरले, कुणी दुकान गमावले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवले गेले. काहींना तुरुंगवास झाला. वेल्समधल्या लँडडनोचे ॲलन बेट्स यांच्यासह ५५५ जणांनी दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायाधीश फ्रेझर यांनी निर्णय दिला, की होरायझनमध्ये दोष होते आणि त्यांमुळे शाखांच्या हिशेबात तूट दिसू शकत होती. मे २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. चौकशी आयोगाच्या जुलै २०२५ मधल्या अहवालानुसार किमान १३ जणांच्या आत्महत्येचा या प्रकरणाशी संबंध असण्याची शक्यता आहे.

दोष कसा असतो, त्याचा एक नमुना देतो. २०१५ मध्ये स्कॉटलंडच्या डालमेलिंग्टन गावी एका पोस्टमास्तरीणबाईंनी ८,००० पौंडांची रोकड दुसऱ्या काउंटरला पाठवल्याची नोंद केली. पडदा अडकला, म्हणून त्यांनी पुन्हा कळ दाबली. असे होत तीच नोंद चार वेळा झाली आणि हिशेबात २४,००० पौंडांची तूट दिसू लागली. पैसा कुठेच गेला नव्हता.

केवळ स्वस्त निविदेमुळे हे सारे घडले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चूक प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. इथे घात झाला तो वेगळ्या कारणांनी. खिडकीवरच्या माणसाला आपल्याच हिशेबामागची मूळ नोंद पाहता येत नव्हती. कंपनीचे कर्मचारी मात्र दूर बसून शाखेच्या हिशेबात हात घालू शकत होते, आणि हे बरीच वर्षे नाकारले गेले. शिवाय संगणक बरोबरच चालतो, असे तिथले न्यायालय गृहीत धरत होते. वही एकाच्या हाती आणि जबाबदारी दुसऱ्याच्या डोक्यावर, अशी ती व्यवस्था होती.

आपल्या कीर्द-खतावणीत याला जागा नव्हती. वहीत खाडाखोड चालत नाही. नोंद चुकली तर तिच्यावर एक रेघ ओढायची, मूळ आकडा वाचता आला पाहिजे. नाहीतर उलट नोंद करून ती फिरवायची. पानांना क्रमांक असत, म्हणून पान फाडले तर कळे. आता हाच नियम भारतात कायद्याने सॉफ्टवेअरला आला आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे, आणि तो माग बंद करता येता कामा नये. भाच्याची पेढी कंपनी नाही, त्यामुळे हा नियम तिला लागू नाही. पण मागायला कोण अडवतो? कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारायचा: कोणी, केव्हा, काय बदलले ते मला दिसेल का? आणि तुमच्या माणसाने बदलले तरी दिसेल का?

दुसरा प्रश्न मालकीचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम 'साहित्यकृती'च्या व्याख्येत येतो, हे या अंकाच्या वाचकांना गमतीचे वाटेल. लेखकाला लागू होणारे नियमच मग इथे लागू होतात. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम मालकाचा होतो. पण बाहेरच्या कंपनीकडून पैसे देऊन लिहून घेतला, तर करारात वेगळे ठरलेले नसल्यास हक्क लिहिणाऱ्याकडे राहतो. तो हक्क सहीनिशी लेखी हस्तांतरित करून घ्यावा लागतो. त्यातही मुदत लिहायची राहिली तर कायदा ती पाच वर्षेच धरतो. मूळ संहिता मिळणार का, हे करारात नसेल तर उद्या कंपनी बंद पडल्यावर दुरुस्तीला दुसरा माणूस बोलावणेही कठीण. निदान आपली माहिती तरी दर महिन्याला साध्या तक्त्याच्या रूपात आपल्या हाती पडली पाहिजे. जी कंपनी सोडून जाता येत नाही, तिच्याशी भावाची घासाघीस करता येत नाही.

तिसरा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा. आपली रीत खरोखर वेगळी आहे का? लिड्ल या जर्मन किराणा साखळीने सॅपची प्रणाली बसवायला घेतली. ती प्रणाली मालाची किंमत विक्रीच्या दराने धरे, लिड्लची रीत खरेदीच्या दराची. लिड्लने रीत सोडली नाही, सॉफ्टवेअरच बदलत नेले. सुमारे सात वर्षांनी, २०१८ मध्ये, काम थांबले. तोवर ५० कोटी युरो गेल्याचे वृत्त होते. तेव्हा जीएसटीसारखे सगळ्यांना सारखेच असलेले काम तयार सॉफ्टवेअरवर सोपवावे. हमाली-तोलाईची कापणी, उचलीची फेड असे जे आपल्याच बाजाराचे आहे, तेवढेच बनवून घ्यावे.

दिवाळीनंतर मी पुन्हा सांगलीला गेलो. तिन्ही कंपन्यांना गेल्या हंगामातल्या खऱ्या पट्ट्या देऊन त्या आमच्यासमोर करून दाखवायला सांगा, असे भाच्याला म्हणालो. त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा, आणि सोडून गेलेल्या एकाला तरी करा. एक हंगाम वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवा, रोज संध्याकाळी शिल्लक ताडून पाहा.

गादीच्या कोपऱ्यात दुकानाचे दिवाणजी बसले होते. तीस वर्षे तिथली कीर्द त्यांच्या हातची. त्यांना तोवर कोणी काही विचारले नव्हते. मी विचारले, "दिवाणजी, तुम्हाला काय हवंय यात?"

त्यांनी चष्मा काढला. "मला एवढंच सांगा, तूट आली तर ती कुठं आली ते मला शोधता येईल का? नाहीतर उद्या बोट माझ्याकडंच यायचं."

भाच्याने तिन्ही दरपत्रके उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर तो प्रश्न पहिला लिहिला.