मचाणाची निवड आणि त्यावरील बैठक

चैत्री पौर्णिमेच्या सुमारास हिंजवडीच्या म्हातोबाचें बगाड निघतें. बगाडाच्या लांकडावर मनुष्य उंच चढविला जातो. त्यामुळें लांकूड कसें आहे, दोर कसा आहे आणि गांठ कोणी मारली आहे, हे प्रश्न त्या दिवशीं साध्या सुतारकामाचे राहत नाहींत. त्यांवर एका माणसाचा जीव अवलंबून असतो. त्यानंतर एक महिन्यानें वैशाखी पौर्णिमा येते. त्या रात्रीं मेळघाट, ताडोबा इत्यादि अरण्यांत पाणवठ्यांच्या कांठीं मचाणांवर बसून वन्य प्राणी पाहण्याची व मोजण्याची चाल आहे, आणि शहरांतील हौशी मंडळीही आतां तेथें जाऊन बसतात. प्रश्न येथेंही तेच असतात. फरक इतकाच कीं, बगाड बांधणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असतो आणि मचाणावर चढणारा पुष्कळदां अगदीं नवखा असतो.

हिंजवडीच्या परिसराला उंच बैठक नवीन नाहीं. जेथें आज राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या कांचेच्या इमारती उभ्या आहेत, तें गांव मुळशी तालुक्यांतील. तेथें पूर्वीं शेतेंच होतीं. पीक निसवूं लागलें कीं शेतकऱ्याला राखण करावी लागते. चार मेढी रोंवून त्यांवर वासे व ताटी टाकून केलेला माळा, पांखरांसाठीं हातांत गोफण, आणि रात्रीं रानडुकरांसाठीं जागल, हा मावळांतील जुना क्रम होय. माळा आणि मचाण या दोन वस्तु दिसण्यांत सारख्या असल्या, तरी त्यांचे हेतु परस्परविरुद्ध आहेत. माळा उघड्यावर असतो. राखणदार दिसावा व त्याची आरोळी दूरवर जावी, हीच त्यांतील योजना. मचाण झाडाच्या आधारानें उभें राहतें व झाडांतच लपतें. बसणारा दिसूं नये व ऐकूंही येऊं नये, यासाठीं तें असतें. माळ्याला स्वतःचे पाय असतात. मचाण झाडाचे पाय उसने घेतें. म्हणून मचाणाचा विचार झाडापासून सुरू करावा लागतो.

मचाणाची कीर्ति शिकारीमुळें झाली. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या जिम कॉर्बेट यांनीं १९२६ सालच्या मे महिन्यांत मारला, तो गुलाबराय येथील आंब्याच्या झाडावर बसून. परंतु तो काळ आतां गेला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्यानें शिकारीस बंदी आहे, आणि कायद्यांतील ‘शिकार’ या शब्दाचा अर्थही व्यापक आहे. प्राणी मारणें एवढेंच नव्हे, तर सांपळा लावणें, हांका करणें, आमिष ठेवणें आणि यांपैकीं कशाचाही नुसता प्रयत्न करणें हीसुद्धां शिकारच ठरते. जनावर माणसाच्या जिवावर उठलें असेल, किंवा कांहीं जातींच्या बाबतींत उभ्या पिकाचा नाश करीत असेल, तर अकराव्या कलमाखालीं वनखात्याचा अधिकारी लेखी परवानगी देऊं शकतो. परंतु ती परवानगी हातीं नसतांना बंदूक घेऊन झाडावर बसणें हा गुन्हा आहे. म्हणून आजच्या मचाणावर बंदुकीच्या जागीं दुर्बीण, कॅमेरा आणि नोंदवही आली आहे. एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्यानें १९२७ सालींच वाघांच्या छायाचित्रांचें पुस्तक प्रसिद्ध करून हा मार्ग दाखविला होता. अभयारण्यांत मात्र स्वतःचें मचाण नेऊन बांधतां येत नाहीं. तेथें वनखात्यानें उभारलेल्या मचाणावरच, परवानगीनें, बसावें लागतें. स्वतःचें मचाण न्यावयाचें तें आपल्या शेतांत, किंवा मालकाच्या संमतीनें दुसऱ्याच्या रानांत.

असें नेण्याजोगें जें मचाण परदेशांत तयार मिळतें, त्याला टांगतें मचाण म्हणतां येईल. अमेरिकेंत हरणांच्या शिकारीसाठीं त्याचा प्रसार झाला. त्याची रचना सोपी आहे. पाय ठेवण्यास धातूची जाळीदार फळी, तिच्या मागच्या कडेला उभा दांडा, दांड्यावर लहानशी बैठक, आणि दांडा खोडाला आंवळण्यास पट्टा किंवा सांखळी. मनुष्य फळीवर उभा राहिला कीं त्याच्या भारानें फळी पुढें झुकूं पाहते. त्यामुळें वरचा पट्टा ताणला जातो आणि खालचे दांते खोडांत रुततात. म्हणजे भार जितका योग्य जागीं पडेल तितकें मचाण घट्ट बसतें. परंतु पट्टा ढिला असेल, किंवा मनुष्य फळीच्या एका कोपऱ्यावर एकदम उभा राहील, तर तेंच मचाण खोडाभोंवतीं फिरतें.

निवड करतांना पहिली गोष्ट वजनाची. पुष्कळ मचाणांवर ३०० पौंड, म्हणजे सुमारें १३६ किलो, अशी मर्यादा लिहिलेली असते. हा आंकडा केवळ माणसाचा नव्हे. अंगावरील कपडे, पाणी, पिशवी, कॅमेरा व त्याची तिकाटी हीं सर्व त्यांत धरावयाचीं. ज्यावर मर्यादा लिहिलेली नाहीं तें मचाण कितीही स्वस्त असलें तरी घेऊं नये. दुसरी गोष्ट धातूची. पोलादी मचाण स्वस्त व भक्कम असतें, पण जड. ॲल्युमिनियमचें हलकें असतें, पण महाग. मोटार शेतापर्यंत जात असेल तर पोलाद चालेल. दोन कोस पायीं जावयाचें असेल तर हलकेपणाला पैसे मोजावे. तिसरी गोष्ट फळीची. लहान फळी वाहण्यास सोपी, पण रात्रभर तिच्यावर पाय आंखडतात, आणि आंखडलेला पाय उतरतांना दगा देतो. शेवटीं मचाण जमिनीवर उघडून, त्यावर उभें राहून, हलून पाहावें. जें दुकानांत करकरतें तें रानांतही करकरणार.

झाड सरळ, जिवंत आणि निरोगी असावें. ज्या उंचीवर पट्टा यावयाचा तेथें खोड माणसाच्या मांडीहून बारीक नको, आणि पट्टा अपुरा पडेल इतकें जाडही नको. आंबा, चिंच, ऐन अशीं कणखर झाडें चांगलीं. शेवगा, पांगारा व सांवर यांचें लांकूड ठिसूळ असतें, तीं टाळावीं. जांभळाची फांदी वरून भक्कम दिसते, पण अचानक मोडते, हें खेड्यांतील मुलांनाही ठाऊक असतें. ढोली, बुरशी, वाळवीची माती किंवा वाळलेला शेंडा दिसला तर तें झाड सोडावें. आग्या मोहोळ आहे काय, हें दिवसाउजेडीं पाहून घ्यावें. रात्रीं तें कळत नाहीं.

उंचीसंबंधीं नवख्याचा समज असा असतो कीं, जितकें उंच तितकें चांगलें. वस्तुतः बारा ते पंधरा फूट उंची बहुतेक ठिकाणीं पुरते. त्याहून वर दृष्टि फांद्यांत अडते आणि धोका मात्र वाढतो. पंधरा फुटांवरून पडलेला मनुष्य सुमारें एका सेकंदांत जमिनीवर आदळतो, आणि त्या क्षणीं त्याचा वेग ताशीं ३४ किलोमीटरांच्या आसपास असतो. सांवरण्यास अवधि मिळतच नाहीं. म्हणून पडूं नये एवढें म्हणून भागत नाहीं. पडलें तरी जमिनीपर्यंत पोंचूं नये, अशी तजवीज करावी लागते.

ती तजवीज म्हणजे अंगपट्टा. खांद्यांवरून, छातीवरून व दोन्ही मांड्यांभोंवतीं जाणारा पट्टा जमिनीवरच घालावा, आणि त्याची दोरी झाडाला बांधलेली असावी. नुसता कमरेचा पट्टा पुरत नाहीं. पडतांना त्याचा आंवळ पोटावर व फांसळ्यांवर येतो. मचाणावर स्वस्थ बसलेला मनुष्य क्वचित् पडतो. धोक्याची वेळ ती चढण्याची, उतरण्याची, आणि विशेषतः शिडीवरून फळीवर पाऊल टाकण्याची. त्या वेळींच दोरी सुटी असेल तर पट्टा असून नसल्यासारखा. चढतांना दोन पाय व एक हात, किंवा दोन हात व एक पाय, असे तीन आधार नेहमीं टेकलेले असावे. हातांत कांहीं घेऊन चढूं नये. पिशवी खालीं ठेवून मागाहून दोरीनें वर ओढावी. झाडाकडची दोरी आंखूड असावी, म्हणजे पडणें हातभराचेंच होतें. पडून लोंबकळत राहण्याची वेळ आली, तर मांड्यांतील रक्त अडून थोड्याच वेळांत शुद्ध जाण्याचा संभव असतो; यासाठीं पाय टेकण्यास दोरीचा एक फांसा व मदतीस बोलावण्यास शिटी जवळ ठेवावी. कोणत्या झाडावर बसलों आहों, हें घरीं किंवा गांवांत एकाला तरी सांगून ठेवावें.

बैठकीची दिशा वाऱ्यावरून ठरते. वारा पाणवठ्याकडून मचाणाकडे यावा; उलट आला तर माणसाचा वास आधीं पोंचतो आणि रात्र फुकट जाते. वैशाखांतील पूर्ण चंद्र आकाशाच्या दक्षिण बाजूनें जातो. म्हणून पाण्याच्या दक्षिणेस बसून उत्तरेकडे तोंड केलें, तर समोरचें जनावर उजेडांत व बसणारा झाडाच्या सांवलींत राहतो. ऊन असतांनाच वर चढावें, आणि रात्रीं मध्येंच न उतरतां फटफटीत उजाडल्यावर उतरावें. झोंप आवरत नसेल तर पट्टा पुन्हां एकदां चांचपून पाहावा. झोंपेंत मनुष्य पुढें कलतो.

काम संपलें कीं मचाण उतरवून न्यावें. खोड वाढतें, पट्टा तसाच राहतो; झाडाची साल कापली जाते आणि उन्हापावसानें पट्टाही कुजतो. गेल्या वर्षींच्या पट्ट्यावर विसंबून चढणें हें अपघाताचें एक ठरलेलें कारण आहे. विरलेला पट्टा दुरुस्त करण्याच्या भरीस न पडतां तो टाकून नवा घ्यावा.

पाणवठ्यावरील एका रात्रीच्या मोजणीनें अरण्यांतील प्राण्यांची खरी संख्या कळते असें नाहीं. देशांतील वाघांची गणना २००६ पासून आपोआप छायाचित्रें टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या साहाय्यानें होते. मचाणावरील रात्रीचा लाभ निराळा आहे. तेथें मनुष्याला कित्येक तास न बोलतां, न हलतां बसावें लागतें, आणि एरवीं जें जनावर त्याला पाहून पळतें तें त्याच्या समोर येऊन निर्धास्त पाणी पितें. दोघेही सकाळीं आपापल्या घरीं सुखरूप परतले, म्हणजे मचाण चांगलें बांधलें होतें असें समजावें.