इयत्ता आणि पायरी

छात्राध्यापकाच्या टिपणवहीतून : लेखांक सहावा

मागील लेखांकात सराव पाठाचे स्वरूप सांगताना, पूर्वज्ञानाच्या प्रश्नांपासून आरंभ करून हेतुकथन, विषयविवेचन आणि संकलन यांच्या वाटेने स्वाध्यायापर्यंत पोहोचणाऱ्या त्या पस्तीस मिनिटांच्या रचनेचे मूळ जर्मन तत्त्ववेत्ता हर्बार्ट याच्या अनुयायांनी घालून दिलेल्या पंचपदीत आहे, हे नमूद केले होते. ती रचना टाकाऊ आहे असे माझे म्हणणे तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. विचारांना शिस्त लागण्यास तिचा मला पुष्कळ उपयोग झाला. परंतु तिच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे आणि अध्यापक विद्यालयातील पहिल्या वर्षात ते मला एकदाही जाणवले नाही. ते गृहीत असे की, शिक्षकापुढे एकाच इयत्तेची मुले बसलेली आहेत, ती काल आली होती, आज आली आहेत आणि उद्या येणार आहेत, व कालचा पाठ जेथे संपला तेथपर्यंत त्या सर्वांची समज सारखीच येऊन पोहोचलेली आहे. छात्रसेवाकालासाठी मला जी शाळा मिळाली, तिच्यात या गृहीताचा एकही भाग खरा ठरला नाही.

बीड जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, बालाघाटाच्या पठारावरील एका वाडीतली ही जिल्हा परिषदेची शाळा. खोल्या दोन, शिक्षक दोन, इयत्ता पाच आणि पटावर ४३ मुले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षकांची तजवीज केलेली असल्यामुळे सरकारदरबारी या शाळेत काहीही न्यून नाही. आणि २०२४-२५ च्या शासकीय माहितीप्रमाणे देशात एकाच शिक्षकावर चालणाऱ्या शाळांची संख्या एक लाखाहून अधिक आहे, हे लक्षात घेता तिला सुस्थितीतलीच म्हणावे लागेल. पहिली-दुसरी एका खोलीत बाईंकडे असते, तर तिसरी, चौथी व पाचवी दुसऱ्या खोलीत मुख्याध्यापकांकडे, तीन रांगांत तीन दिशांना तोंडे करून बसते. एका रांगेला गणिते घालून द्यावीत, दुसरीकडून शुद्धलेखन लिहवून घ्यावे आणि तेवढ्या वेळात तिसरीला शिकवावे, असा येथील शिरस्ता आहे. सरांनी तो आपल्या वीस वर्षांच्या नोकरीत स्वतःच बसविला आहे, कारण त्यांच्याही प्रशिक्षणात तो कोणी शिकविला नव्हता.

पहिल्या आठवड्यात मी पाचवीचा मराठीचा पाठ घेतला. टाचण काटेकोर होते, फलकलेखन नीटनेटके होते, आणि प्रकट वाचनासाठी उभी केलेली मुलगी न अडखळता वाचीत गेली. तिचा आवाज खणखणीत होता आणि विरामही योग्य जागी पडत होते. मी समाधानाने तिच्या बाकाजवळ गेलो, तेव्हा पुस्तकाचे भलतेच पान तिच्यापुढे उघडलेले दिसले. पाठ तिला मुखोद्गत होता. मागील रांगेतल्या मुलांना गेल्या वर्षी सरांनी तो शिकविताना तिने ऐकला होता आणि जे वाचता येत नाही ते कानाने साठवून ठेवण्याची ही विलक्षण कला तिने आपल्या आपण साधली होती. तिच्या बुद्धीविषयी मला त्या क्षणी जितका आदर वाटला, तितकीच माझ्या टाचणाविषयी शंका आली.

पुढील तीन दिवस मधल्या सुट्टीनंतरचा वेळ मागून घेऊन मी त्या खोलीतल्या एकेका मुलाला ओसरीवर शेजारी बसविले आणि काही सुटी अक्षरे, काही साधे शब्द, मग चार ओळींचा एक परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची एक लहानशी गोष्ट, एवढेच क्रमाने वाचावयास दिले. पाचवीतील आठ मुलांपैकी गोष्टीपर्यंत तिघे पोहोचले, दोघे परिच्छेदावर थांबले आणि तिघे शब्दांच्या अलीकडेच राहिले. तिसरीतील दोन मुलींनी मात्र गोष्ट वाचून, ‘अजून आहे का?’ म्हणून विचारले. तीन इयत्तांच्या रांगा मला खोलीत दिसत होत्या, पण वाचनाच्या चार पायऱ्या त्या रांगांना आडव्या छेदून गेलेल्या होत्या, आणि शाळेच्या कोणत्याही दप्तरात त्यांची नोंद मुलाला उपयोगी पडेल अशा रीतीने झालेली नव्हती.

ही एका वाडीची कैफियत असती तर तिच्यासाठी लेखांक खर्ची घातला नसता. ‘असर’ या नावाने प्रसिद्ध होणारी, घरोघर जाऊन केलेली वाचन-गणिताची पाहणी २००५ पासून आपल्यापुढे आहे. तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या १०० मुलांपैकी सुमारे ४५ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. दोन वर्षांपूर्वी, साथीच्या काळातील बंद शाळांनंतर, हेच प्रमाण ३८-३९ पर्यंत उतरले होते, म्हणजे मधल्या काळात शिक्षकांनी काही गमावलेले परत मिळविले आहे. तरीही पाचवीच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले पाचवीच्या पुस्तकापुढे मूकपणे बसून असतात, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

असे का झाले असावे, याचा विचार करताना मला आपल्या शिक्षणाच्या इतिहासाकडे वळावे लागले. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात रयतेच्या घामातून येणाऱ्या सरकारी उत्पन्नाचा व्यय वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, ही तक्रार तर होतीच, पण निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, आणि प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित व चांगल्या वेतनाचे असावेत, अशी मागणीही होती. मुलाने शाळेत यावे आणि त्याला शिकविणारा मनुष्य योग्य असावा, या दोन गोष्टी त्यांच्या निवेदनात एकाच श्वासात आलेल्या आहेत. पुढे सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानभर सक्तीचे शिक्षण सुरू केले. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात आपले अतिशय सावध असे विधेयक मांडले आणि पुढल्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर राज्यात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. निरक्षरतेचे निर्मूलन हे आद्य कर्तव्य असून शिक्षणाच्या गुणवत्तेचा विचार त्यानंतरचा, असा क्रम गोखल्यांनी लावला होता. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या कोट्यवधी मुलांचा देश डोळ्यांपुढे असताना त्यांनी तो लावला, यात मला काहीही अनुचित वाटत नाही. खेद याचा वाटतो की, त्या क्रमातला ‘नंतर’ हा शब्द शतकभर आपल्या कारभारात मुक्काम करून राहिला. घटनेच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांची मुदत घातली होती. शिक्षण हा मूलभूत हक्क होण्यास २००२ ची घटनादुरुस्ती आणि तो अंमलात येण्यास २०१० चा एप्रिल उजाडावा लागला. एवढ्या प्रदीर्घ काळात शाळाखात्याची सारी हत्यारे मूल पटावर आणण्यासाठी घडविली गेली आणि त्या कामी ती उपयोगीही पडली. हजेरीपट, जनरल रजिस्टर, दाखला, पटपडताळणी, यांपैकी प्रत्येक कागद मुलाच्या देहाची उपस्थिती अचूक सांगतो. त्याच्या वाचनाची उपस्थिती सांगणारा कागद आपण फार उशिरा करू लागलो.

कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव आणि आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक यांनी १९७५ मध्ये समता, गुणवत्ता आणि संख्या यांच्या त्रिकोणावर एक ग्रंथ लिहिला व तो त्रिकोण हाती लागत नाही, हे त्याच्या शीर्षकातच मांडले. ओसरीवरच्या त्या तीन दिवसांनंतर मला मात्र असे वाटू लागले आहे की, वाडीतल्या शाळेपुरता तरी तो त्रिकोण नाही. पाचवीतली मुलगी पाठ घोकून उभी राहते तेव्हा तिच्या वाट्याची समता, तिच्या शिक्षणाची गुणवत्ता आणि पटावरची तिची मोजदाद, ही तिन्ही एकाच जागी, त्या भलत्याच उघडलेल्या पानावर, अडकलेली असतात.

नापास करण्याची जुनी रीत पुन्हा आणावी, हा उपाय पुष्कळ जण सुचवितात, आणि शिक्षणहक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीपुरती ती मुभा राज्यांना मिळालीही आहे. मला तो उपाय पटत नाही. ज्या रीतीने शिकवून मुलाला आले नाही, त्याच रीतीने, त्याच पुस्तकातून, आणखी एक वर्ष शिकवून त्याला ते येईल, असे मानण्यास आधार काय?

सरांशी बोलून आम्ही दुसऱ्या पंधरवड्यापासून एक बदल केला. परिपाठ संपल्यावर पहिला दीड तास इयत्ता बाजूला ठेवावयाची आणि सारी शाळा पायरीप्रमाणे बसवावयाची; त्यानंतर नेहमीचे वेळापत्रक. अक्षरांच्या गटाला बाई, शब्द व परिच्छेदाच्या गटाला सर आणि गोष्ट वाचणाऱ्यांना मी, अशी वाटणी झाली. ही युक्ती आमची नव्हे. मुंबई आणि वडोदऱ्यातील महापालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना दिवसाचा काही वेळ वेगळे घेऊन शिकविणाऱ्या ‘बालसखी’ उपक्रमाची शास्त्रीय पद्धतीने परीक्षा झालेली आहे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ तिच्यात सहभागी होते आणि मुलांच्या शिक्षणात त्या उपक्रमाने निश्चित भर पडल्याचे त्यांना आढळले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटातल्या शाळा पाहण्यासाठीही राज्यभरातून शिक्षक जाऊन आले आहेत. माहितीचा तुटवडा आहे असे म्हणता येत नाही.

पण माहिती आणि मूल यांच्या मध्ये जे उभे असते, ते मला पाचवीतल्या एका मुलाने शिकविले. शब्दांच्या गटात, दुसरीतल्या पोरांच्या शेजारी बसावयास त्याने नकार दिला आणि भिंतीकडे तोंड करून तो तसाच राहिला. ‘पाचवीचा असून तुला एवढेही येत नाही’ असे मी त्याला आदल्या दिवशी सर्वांदेखत म्हणालो होतो. त्या वाक्याची ती परतफेड होती, आणि ती रास्त होती. चार दिवस गेल्यावर मधल्या सुट्टीत तो बाकीच्यांना ऊसतोडीला जाताना ट्रकमधून कोणकोणती गावे लागतात ते सांगत असताना मी ऐकले. दुसऱ्या दिवशी शब्दपट्ट्यांवर मी तीच गावे लिहून आणली : जामखेड, करमाळा, इंदापूर, बारामती. या नावांत एकही जोडाक्षर नाही, हे लिहिताना माझ्या लक्षात आले. त्याने प्रत्येक पट्टी हातात घेऊन ती कोणत्या नाक्यावर पाहिली ते सांगितले, म्हणजे अक्षरांचे आकार त्याच्या डोळ्यांना ठाऊकच होते, त्यांना आवाज तेवढा मिळावयाचा होता. मग मी कर्जत लिहिले. ‘त’च्या आधी डोक्यावर काय आहे, असे त्याने विचारले. मी म्हणालो, डोक्यावर आहे खरे, पण ‘त’च्या नव्हे, ‘ज’च्या, आणि त्याचा उच्चार ‘ज’च्याही आधी होतो. तो बराच वेळ ती पट्टी न्याहाळीत राहिला. रफार शिकविण्याचा असा पाठ माझ्या टाचणवहीत नाही.

प्रशिक्षणाविषयीची माझी तक्रार इथे येऊन पोहोचते. महाराष्ट्रातील डी.एड. संस्थांच्या मान्यतेच्या वादातूनच सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला आणि २०१२ च्या त्याच्या अहवालानंतर देशभरातील शिक्षक-प्रशिक्षणाची मुदत व आराखडा बदलला. शाळेत राहून शिकण्याचा काळ वाढला, हे त्याचे मोठे फळ होय, आणि मी ते आज खात आहे. तरीही मूल कोणत्या पायरीवर आहे ते कसे ओळखावे, तीन इयत्ता एकत्र असताना वेळ कसा वाटावा, आणि चार महिने बाहेर राहून आलेल्या मुलाला पुन्हा कोठून धरावे, या तीन गोष्टींना आमच्या अभ्यासक्रमात मिळून जेवढी पाने आहेत, त्याहून अधिक जागा एका आदर्श टाचणाच्या रकान्यांनी व्यापलेली आहे. फुल्यांनी मागितलेल्या वेतनाची गोष्टही जुनी झालेली नाही : नव्याने लागलेल्या प्राथमिक शिक्षणसेवकाला आरंभीची तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात, आणि २०२३ मध्ये १६,००० रुपये होण्यापूर्वी ते महिना ६,००० रुपये होते.

आमचा दीड तास रोज साधतो असेही नाही. केंद्रशाळेत बैठक असली की सर जातात. एखादी माहिती ‘तातडीने’ मागविली की बाई मोबाईल घेऊन नेटवर्कसाठी टेकाडावर जातात. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला शिक्षणबाह्य काम देऊ नये, असे शिक्षणहक्क कायद्याचे २७ वे कलम सांगते. माहिती भरणे हे शिक्षणबाह्य की शिक्षणांतर्गत, हे मात्र त्या कलमाला कोणी विचारलेले नाही.

आणि आता दिवाळी तोंडावर आली आहे. वाडीतल्या बहुतेक कोयत्यांनी, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांनी, मुकादमाकडून उचल घेतलेली आहे. हंगामी वसतिगृहाच्या सोयीमुळे काही मुले आजी-आजोबांकडे राहतील, पण ज्यांच्या घरी पाठचे लहान भावंड आहे, त्या मुलींना कोपीवर ते सांभाळण्यासाठी जावे लागणार. पाठ मुखोद्गत असलेली ती मुलगी त्यांपैकीच एक. काल तिची आई शाळेत आली आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, “गुरुजी, आता पाडव्यालाच यायची ती. तवर पटावरनं नाव काढू नका.”

नाव निघणार नाही, असे सरांनी तिला सांगितले. स्थलांतरित मुलांबरोबर द्यावयाचे शिक्षणहमी कार्ड मी भरले. त्यात नाव, इयत्ता, जन्मतारीख यांचे रकाने आहेत, आणि शैक्षणिक स्थितीचाही आहे. त्या रकान्यात जागा थोडी होती, म्हणून कार्डाच्या पाठीमागे मी बारीक अक्षरांत लिहिले : परिच्छेदापर्यंत आली आहे, रफारावर अडते, पाठांतर फार चांगले असल्यामुळे ओळखीचा मजकूर देऊ नये, नवा द्यावा. ज्या गावाच्या शिवारात तिची कोपी पडेल तेथील शिक्षकाच्या हाती हे कार्ड पडेल की नाही, ते मला ठाऊक नाही. आईने ते घेतले, शिधापत्रिकेच्या पिशवीत घातले आणि मुलीला म्हणाली, “काय लिवलंय बघ.” मुलगी कार्ड उलटे करून ओळीवर बोट ठेवून वाचू लागली, आणि तो मजकूर तिला पाठ नव्हता.