संगणक दूर, विद्यार्थी शाळेत

शाळेत संगणक आणून ठेवला म्हणजे संगणकाचे शिक्षण सुरू झाले, असे आपण सहज धरून चालतो. पण १९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिकेतील अनेक विद्यार्थी ज्या संगणकावर शिकले, तो त्यांच्या शाळेत नव्हताच. तो दूर एखाद्या विद्यापीठात किंवा कंपनीत असे. हे कसे जमले आणि त्याचा खर्च कोणी सोसला, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे, म्हणून हा लेखप्रपंच.

त्या काळी संगणक खोलीभर मोठा व अतिशय महाग असे. माणूस एक ओळ टाइप करून विचार करीत बसतो, तेवढ्यात यंत्राची हजारो कामे होऊन जातात. हा रिकामा वेळ इतरांत वाटून देण्याच्या युक्तीला टाइम-शेअरिंग म्हणतात. डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी १ मे १९६४ रोजी अशी व्यवस्था चालू केली आणि नवशिक्यांसाठी बेसिक ही सोपी भाषाही दिली. पुढे जनरल इलेक्ट्रिक कंपनीने अशीच सेवा धंदा म्हणून विकायला काढली.

शाळेला लागे ते एक टेलिटाइप यंत्र आणि टेलिफोनची लाइन. टेलिटाइप म्हणजे तारऑफिसातील टेलिप्रिंटरचा भाऊच. सेकंदाला १० अक्षरे छापणारा. मात्र लाइन जोडली की टॅक्सीसारखे मीटर पडे. म्हणून प्रोग्राम आधीच कागदी फितीवर छिद्रे पाडून तयार ठेवीत आणि लाइन मिळताच फीत यंत्रात घालीत.

सिएटलच्या लेकसाइड शाळेत १९६८ साली मातांच्या मंडळाने जुन्या वस्तू विकून टेलिटाइपसाठी व संगणकाच्या वेळेसाठी पैसे उभे केले. ते भराभर संपले. मग शहरातील एका नव्या संगणक कंपनीने या मुलांना संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी आपले यंत्र फुकट वापरू दिले. मोबदल्यात मुलांनी त्यातील दोष शोधून लिहून द्यायचे. या मुलांत बिल गेट्स आणि पॉल ॲलन होते. त्यांनी हिशेबाच्या नोंदींतही हात घातला, तेव्हा त्यांना काही काळ बंदी झाली! कामाचा संगणक शाळेला द्यायचा तर विद्यार्थ्यांचे खाते वेगळे, वेळेला मर्यादा आणि कंपनीच्या हिशेबाला कुलूप, ही खबरदारी हवीच.

गेट्स यांची गोष्ट सांगताना बुद्धी व जिद्द यांचेच गुणगान होते. दोन्ही होतीच. पण लेकसाइड ही फी घेणारी खाजगी शाळा होती. कामगार वस्तीतील तितक्याच हुशार मुलाला ही मिनिटे कोण विकत घेऊन देणार होते?

आमच्या मते या प्रश्नाचे खरे उत्तर मिनेसोटा राज्याने दिले. तेथे १९६७ साली काही शालेय जिल्ह्यांनी एकत्र येऊन सामाईक संगणकसेवा उभारली आणि १९७३ साली राज्यानेच त्यासाठी मेक ही संस्था काढली. गावोगावच्या सरकारी शाळा टेलिफोनने एकाच मोठ्या संगणकाला जोडल्या गेल्या. १९७१ साली तीन शिकाऊ शिक्षकांनी इतिहासाच्या तासासाठी रचलेला ‘ओरेगॉन ट्रेल’ हा खेळ याच जाळ्यातून राज्यभरच्या मुलांपर्यंत पोहोचला. पुढे वर्गात मावतील असे छोटे संगणक निघाले, तेव्हा १९७८ साली मेकनेच ॲपल कंपनीशी करार करून ते शाळांना स्वस्तात मिळवून दिले.