दोन लाइनी, एकच चर

मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या वसाहतीत लहान ऑफिसं दुकानांच्या शेजारी दाटीनं बसलेली असतात. अशा शाखेचा टॅली सर्व्हर अंधेरीच्या मुख्य ऑफिसात असेल, तर मधला व्हीपीएन, म्हणजे दोन ऑफिसांना इंटरनेटवरून जोडणारं खासगी टनेल, पडल्यावर इथे साधं बिलही निघत नाही. मालकाचा उपाय ठरलेला: आणखी एका कंपनीची लाइन घ्या.

नेटवर्कचं काम करणारा जाणता माणूस लॅपटॉप उघडण्याआधी वायरीच्या मागे मागे जातो. जिन्याखालची पेटी, गच्ची, कुंपण, मग रस्त्याकडेचा चर. बिलं दोन कंपन्यांची आणि फायबर मात्र एकाच चरातून आलेल्या, असं निघालं तर दुसरी लाइन कागदावरच. मेट्रो ९साठी मीरा-भाईंदर रस्ता खणणाऱ्या जेसीबीला कंपन्यांची नावं वाचता येत नव्हती.

समुद्राखालीही तेच. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या केबल तुटल्या. मालक वेगळे, वाट जवळपास एकच. भारतातलं इंटरनेट कित्येक दिवस रखडलं.

म्हणून दुसरा मार्ग हवेतून, सिमच्या राउटरवर. गोम अशी की मोबाइल कंपन्या सिमला सहसा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता देत नाहीत. अनेक ग्राहक एकाच पत्त्याआड असतात. मुख्य ऑफिसाला शाखेपर्यंत पोचताच येत नाही. तेव्हा टनेल शाखेनंच सुरू करायचं, आणि व्हीपीएन वायरगार्ड या सॉफ्टवेअरचा असेल तर दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट धाडून वाट उघडी ठेवायची. फायबर पडली हे ओळखायला राउटरच्या हिरव्या दिव्यावर कुणी विसंबत नाही. फायबर जवळच्या पेटीपर्यंत शाबूत असली तरी तो लागतो. टनेलपलीकडच्या सर्व्हरलाच सतत पिंग करायचं. ओळीनं तीन-चार उत्तरं चुकली की वाहतूक सिमवर.

एक दुखणं फार छळतं: पिंग जातो, रिमोट डेस्कटॉप मात्र काळाच. टनेलचं वेष्टण चढल्यावर १५०० बाइटांचं पॅकेट मावत नाही. एमएसएस, म्हणजे एका पॅकेटातल्या मजकुराची कमाल मर्यादा, १३६० बाइटांच्या आसपास उतरवला की पडदा उजळतो.

चाचणी भर कामाच्या वेळीच. आधी फायबर उपटायची, मग मेन स्विच पाडायचा. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई परिसराची वीज गेली, तशा वेळी ऑफिसचा राउटर यूपीएसवर तगेल. जिन्याखालच्या केबलवाल्याच्या स्विचला बॅटरी आहे का, हे कुणीच विचारलेलं नसतं.

आणि सिमचा रिचार्ज. महिनोन्महिने न वापरलेल्या सिमचा पॅक नेमका फायबर तुटते त्या दिवशी संपलेला असतो. शहाणी ऑफिसं महिन्यातला एखादा शनिवार फायबर मुद्दाम काढून ठेवतात, आणि त्या दिवशीची बिलं सिमवरूनच निघतात.