विश्लेषण : भरतीचा सराव सुरू केला की गुडघे का दुखू लागतात?

पोलीस किंवा सैन्य भरतीची चाहूल लागली की अहिल्यानगर जिल्ह्यातील मैदाने पहाटेच जागी होतात. शहरातील वाडिया पार्क असो, गावाबाहेरचा डांबरी रस्ता असो की पाटाच्या कडेची मुरमाची वाट, सगळीकडे धावणारी मुले-मुली दिसू लागतात. आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री यांची लष्करी केंद्रे नगरमध्येच असल्याने वर्दीचे आकर्षण इथे पिढ्यान् पिढ्यांचे आहे. मात्र दोन-तीन आठवडे उलटले की ‘गुडघ्यात कळ येते’, ‘जिना उतरताना वाटी दुखते’ या तक्रारी सुरू होतात. कोणी धावणे सोडतो, कोणी गोळी घेऊन धावतो. या दोन्हींच्या मधला मार्ग आहे का?

धावण्यावर एवढे काय अवलंबून आहे?

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांसाठी १६०० मीटर आणि महिलांसाठी ८०० मीटर धावण्याला सर्वाधिक २० गुण असतात. १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांना प्रत्येकी १५ गुण आहेत. मैदानी चाचणीत किमान निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेचा विचार होत नाही. अग्निवीर भरतीतही १.६ किलोमीटरची धाव असते. म्हणजे गुडघा ऐन वेळी रुसला तर वर्षभराचा अभ्यास वाया जाऊ शकतो. त्यात वयोमर्यादेचे घड्याळ चालूच असते. जाहिरात आल्यावर ‘आता महिनाभर रोज धावायचे’ असे ठरवले जाते ते याच घाईतून. बहुतेकांचे दुखणेही तिथूनच सुरू होते.

नेमके दुखते कुठे?

नवशिक्यांमध्ये सर्वाधिक आढळते ते गुडघ्याच्या वाटीभोवतीचे किंवा वाटीमागचे दुखणे. जिना किंवा उतार उतरताना, उकिडवे बसताना, एसटीत बराच वेळ पाय दुमडून बसल्यावर ते वाढते. बोट ठेवून नेमकी जागा दाखवता येत नाही. वाटी मांडीच्या हाडावरील खाचेत वर-खाली सरकते. तिथे सवयीपेक्षा जास्त ताण आला की तो भाग हुळहुळा होतो. बहुतेक वेळा काही फाटलेले किंवा झिजलेले नसते.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठराविक अंतर धावल्यावर चमक येत असेल तर खुब्यापासून गुडघ्याखालपर्यंत जाणारा जाड पट्टा दुखावलेला असू शकतो. वाटीच्या लगेच खाली, नेमक्या एका ठिकाणी दुखत असेल तर ते वाटीला नडगीशी जोडणाऱ्या स्नायूबंधाचे दुखणे असू शकते. उड्या आणि वेगवान धावा अचानक वाढवल्या की ते बळावते.

कारण काय, रस्ता, बूट की शरीर?

मुख्य कारण आहे अचानक वाढलेला भार. १६०० मीटरच्या एका धावेत साधारण दीड हजार पावले पडतात. प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो. सरावाने हाडे, कूर्चा आणि स्नायूबंध हा ताण पेलायला शिकतात, पण सावकाश. दम दोन-तीन आठवड्यांतच वाढू लागतो. स्नायूबंध आणि हाडांना बळकट व्हायला महिने लागतात. छाती ‘अजून एक फेरी मार’ म्हणत असते, तेव्हा गुडघा मागे पडलेला असतो.

डांबरी रस्त्याला नावे ठेवली जातात, पण कठीण पृष्ठभाग हे एकमेव कारण नाही. पृष्ठभागात अचानक झालेला बदलही त्रास देतो. रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच बाजूने धावल्यास एका पायावर वेगळा ताण येतो. काळ्या रानातील भेगाळलेल्या जमिनीवर पाय मुरगळण्याची भीती असते. त्यापेक्षा सपाट मुरमाची वाट किंवा मातीचे मैदान बरे. बूट महागच हवेत असे नाही. पायाला नीट बसणारे, तळ न झिजलेले बूट पुरेत. अनवाणी धावण्याची सवय नसेल तर ती एकदम लावू नये. त्यात ताण पोटरी आणि घोट्याकडे सरकतो आणि दुखण्याची केवळ जागा बदलते.

धावल्याने गुडघे झिजतात का?

घरातील वडीलधाऱ्यांना हीच भीती असते. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात हौसेने धावणाऱ्यांपैकी सुमारे ३.५ टक्के लोकांमध्ये गुडघा किंवा खुब्याची झीज आढळली. न धावणाऱ्या, बैठ्या लोकांमध्ये हे प्रमाण १०.२ टक्के होते, तर स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के. यावरून धावणे हे झिजेवरचे औषध ठरत नाही. मात्र बेताने धावणाऱ्याचे गुडघे धावण्यानेच निकामी होतात, या समजाला आधार मिळत नाही.

दुखत असताना धावावे का?

यासाठी सोपी मोजपट्टी आहे. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. धावताना दुखणे दोन-तीनच्या आत असेल, धावता धावता वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर येत असेल, तर सराव चालू ठेवता येतो. त्याहून जास्त दुखले, चाल बदलली किंवा दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला तर भार जास्त झाला असे समजावे. अशा वेळी अंतर आणि वेग कमी करावा, चढ-उतार टाळावेत, गरज पडल्यास काही दिवस केवळ चालावे किंवा सायकल चालवावी. पूर्ण अंथरूण धरण्याची गरज बहुधा नसते.

कॅनडातील क्वेबेकमध्ये वाटीभोवती दुखणाऱ्या ६९ धावपटूंवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला दुखणे पाहून भार कसा कमी-जास्त करावा एवढेच शिकवले. दुसऱ्या गटाला त्यासोबत व्यायाम दिले, तर तिसऱ्याची धावण्याची ढब सुधारली. आठ आठवड्यांनी तिन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. भाराचे गणित समजणे हाच उपचाराचा गाभा आहे, असा याचा अर्थ.

सुरुवात कशी करावी?

‘काउच टू फाइव्ह के’ हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम जगभर वापरला जातो. जॉश क्लार्क या अमेरिकी तरुणाने तो १९९६ मध्ये तयार केला. त्याचे तत्त्व भरतीच्या सरावालाही लागू पडते. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालणे, मग एक मिनिट धावणे आणि दीड मिनिट चालणे, असे वीस मिनिटे. पुढे धावण्याचा वेळ हळूहळू वाढतो आणि नवव्या आठवड्यात अर्धा तास सलग धावता येते. वेग इतका असावा की धावताना शेजारच्याशी बोलता यावे.

घड्याळ लावून ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या त्यानंतरच सुरू कराव्यात आणि सुरुवातीला आठवड्यातून एकदाच. म्हणजे भरतीच्या धावेची तयारी किमान तीन ते चार महिने आधी सुरू व्हायला हवी. जाहिरातीची वाट पाहणे हीच मोठी चूक ठरते.

‘दर आठवड्याला दहा टक्केच वाढ’ हा नियमही ऐकायला मिळतो. २००८ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे ५३२ नवशिक्यांवर तो तपासण्यात आला. हा नियम पाळणारे आणि नेहमीच्या कार्यक्रमाने धावणारे, दोन्ही गटांत साधारण पाचपैकी एकाला दुखापत झाली. केवळ टक्केवारीचे सूत्र वाचवत नाही, दुसऱ्या दिवशी गुडघा काय सांगतो ते ऐकावे लागते.

कोणते व्यायाम उपयोगी?

मांडी, खुबा आणि पोटरी बळकट असतील तर गुडघ्याचा भार वाटला जातो. जिमची गरज नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पुढील व्यायाम प्रत्येकी दहा-बारा वेळा, तीन फेऱ्यांत करावेत.

- खुर्चीच्या उंचीपर्यंत अर्ध्या उठाबशा. दुखत असेल तर कमी खाली जावे.
- घराच्या पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवून पुन्हा वर घेणे. गुडघा आत वळू देऊ नये.
- कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे.
- पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणे.
- चवड्यांवर उभे राहून टाचा वर-खाली करणे.

धावताना लांब ढांग टाकण्याऐवजी पाऊल जरा आखूड आणि जलद ठेवावे. मिनिटाला १६० पावले पडत असतील तर ती १६८ ते १७६ करून पाहावीत. तेवढ्यानेही गुडघ्यावरचा ताण कमी होतो.

काय टाळावे?

धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेणे सर्वांत धोक्याचे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या दुखणे झाकतात, कारण तसेच राहते. घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडालाही अपाय करू शकतात. कोणाच्या तरी सांगण्यावरून गुडघ्यात इंजेक्शन घेऊ नये. स्टेरॉइडमुळे स्नायूबंध कमकुवत होऊ शकतो. तेलाचे मालिश किंवा नी-कॅपने बरे वाटते, त्याला हरकत नाही. पण ते लावले म्हणून जास्त धावू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

- पाय पिळवटून काही तासांत गुडघा सुजला, ‘कट’ असा आवाज आला किंवा पायावर भार देता येत नाही.
- गुडघा अडकतो किंवा अचानक दगा देतो.
- सांधा लाल, गरम झाला आहे आणि तापही आहे.
- विश्रांती घेतानाही किंवा रात्री दुखते.
- नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी दाबल्यावर तीव्र कळ येते. ही हाडाच्या सूक्ष्म भेगेची खूण असू शकते.
- भार कमी करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक नाही.

पडून झालेली दुखापत आणि सरावाने उद्भवलेले दुखणे यांत फरक आहे. शेजारच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा, सैन्यातून घडलेला धावपटू अविनाश साबळे याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर पडून त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. अशा दुखापतीवर घरी प्रयोग करायचे नसतात.

अकादमीत धावणाऱ्या शाळकरी मुलांकडे वेगळे लक्ष हवे. वाढीच्या वयात वाटीखालच्या हाडाचा उंचवटा दुखू शकतो. १० ते १५ वर्षांचा मुलगा गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल तर खुब्याचीही तपासणी करून घ्यावी. मूळ दुखणे खुब्याचे आणि कळ मात्र गुडघ्यात, असे या वयात होऊ शकते. चाळिशीनंतर धावणे सुरू करणाऱ्यांनी, विशेषतः वजन, रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास, आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तपासणीची सोय जिल्हा रुग्णालयात आहे. लोणी आणि विळद घाट येथे फिजिओथेरपी महाविद्यालयेही आहेत. चाचणीच्या आदल्या आठवड्यात तिथे धाव घेण्यापेक्षा दुखणे पंधरा दिवसांचे असतानाच गेलेले बरे. तेव्हा हातात वेळ असतो आणि गुडघ्याला लागतो तो वेळच.