इंजिनाचे गणित खुले करणारी माणसे

इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असते तेव्हा क्रँकशाफ्टचा एक फेरा १० मिलिसेकंदांत पुरा होतो. एक अंश फिरायला लागतात जेमतेम २८ मायक्रोसेकंद. ठिणगी उशिरा पडली तर ताकद जाते, फार लवकर पडली तर इंजिन नॉक करू लागते आणि प्रकरण पिस्टन वितळण्यापर्यंत जाऊ शकते. ठिणगी कधी टाकायची आणि पेट्रोल किती सोडायचे, हा हिशेब गाडीतला ईसीयू नावाचा छोटा संगणक अखंड करत असतो. हाच हिशेब हौशी मंडळींनी आर्डुइनो मेगा या बोर्डावर करून दाखवला आहे. विद्यार्थी ज्यावर दिवे लुकलुकवायला शिकतात, तेच हे बोर्ड. त्यातली चिप ८ बिटांची, वेग १६ मेगाहर्ट्‌झ, कामाची मेमरी ८ किलोबाइट. इंजिन एक अंश फिरेपर्यंत तिला सुमारे ४४४ ठोके मिळतात आणि तेवढे पुरतात!

इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स शिरले ते मुख्यतः धुराच्या कायद्यांमुळे. बॉश कंपनीचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत आले. १९७९ मध्ये बॉशच्याच मोट्रॉनिक प्रणालीने इंधन आणि ठिणगी या दोन्हींचा ताबा एकाच संगणकाकडे दिला. याच काळात धूर स्वच्छ करणारे थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. ते नीट चालायला हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ राहावे लागते, आणि ते टिकवणे साध्या कार्ब्युरेटरच्या आवाक्यातले नव्हते. संगणक आला आणि इंजिनाचे ज्ञान कंपनीच्या बंद डब्यात गेले. शर्यतीच्या गाड्यांसाठी स्वतंत्र ईसीयू मिळत, पण त्यांच्या किमती घरच्या गॅरेजात जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याला परवडणाऱ्या नव्हत्या.

अमेरिकेतल्या ब्रूस बॉलिंग आणि अल ग्रिपो यांनी २००१ मध्ये मेगास्क्वर्ट हे घरी बांधता येणारे ईसीयू-किट तयार केले. त्याआधीचा त्यांचा ईएफआय३३२ हा प्रकल्प फार महत्त्वाकांक्षी होता आणि बांधणाऱ्याला जड जाणारा होता. मेगास्क्वर्टमध्ये त्यांनी मुद्दाम हात आखडता घेतला. मोटोरोलाची ८ बिटांची साधी चिप घेतली, काम फक्त इंधनाचे ठेवले आणि इंधनाचा तक्ता ८ बाय ८ घरांचा केला. सुटे भाग घ्यायचे, घरी बसून एकेक सोल्डर करायचे आणि प्रत्येक टप्प्यावर तपासत पुढे जायचे. माझ्या मते त्यांचे मोठेपण या आवरत्या हातात आहे, कारण त्यामुळेच सामान्य माणसाला ते बांधता आले आणि बांधता बांधता समजले. ठिणगीचे नियंत्रण वापरणाऱ्यांनीच पुढे जोडले. मात्र मेगास्क्वर्टच्या परवान्यात एक अट होती: सॉफ्टवेअर त्यांच्याच हार्डवेअरवर वापरायचे. पुढच्या पिढीने आपल्या प्रकल्पांत तशी अट ठेवली नाही. ऑस्ट्रेलियातल्या जॉश स्टुअर्ट यांनी आर्डुइनो मेगावर सुरू केलेले स्पीडुइनो आणि १६८ मेगाहर्ट्‌झच्या चिपवर वाढलेले रुसईएफआय, या दोन्हींचा कोड जीपीएल परवान्याखाली पूर्ण खुला आहे.

पिस्टन कुठे आहे हे संगणकाला कळते कसे? क्रँकवर दात्यांचे एक चाक असते. ३६ दात्यांची जागा, त्यातला एक मुद्दाम काढलेला. प्रत्येक दाता म्हणजे १० अंश. सेन्सरसमोरून दाते जातात तसे ठोके मोजले जातात आणि मधेच दुप्पट लांबीची फट आली की संगणकाला फेऱ्याची खूण सापडते. पुढचे सगळे अंश त्या एका रिकाम्या जागेपासून मोजायचे.

इंधनाचा तक्ता त्याहून सुंदर. आडव्या बाजूला फेरे, उभ्या बाजूला सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब. घरातला आकडा ५० असेल तर सिलिंडर त्या क्षणी आपल्या क्षमतेच्या निम्म्याच हवेने भरतो आहे. इंजिन २३०० फेऱ्यांवर आणि दाब ४७ किलोपास्कलवर असेल, तर संगणक आजूबाजूच्या चार घरांमधून प्रमाणशीर आकडा काढतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण १५.४ दाखवतो आणि हवे आहे १४.७, तर ५० च्या जागी ५२.४ लिहायचे. कार्ब्युरेटरचे जेट बदलून मिस्त्री कानाने जे साधत असे, ते इथे आकड्यांत दिसते, जपून ठेवता येते आणि दुसऱ्याला देता येते.

स्वस्त बोर्ड मिळाले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. गाडीतली वीज फार खडबडीत असते. स्टार्टर मारताना बॅटरीचा दाब खाली बसतो आणि अल्टरनेटरमुळे उसळ्याही येतात. चुंबकीय क्रँक सेन्सर इंजिन हळू फिरताना व्होल्टचा अंशच देतो, वेगात मात्र कित्येक व्होल्ट. तो सिग्नल साफ चौकोनी करून चिपपर्यंत पोचवण्यासाठी वेगळे सर्किट लागते. इंजेक्टरला उघडायलाच सुमारे एक मिलिसेकंद जातो, आणि बॅटरी उतरली की त्याहून जास्त. आयडलिंगला पूर्ण फवारा दोन-तीन मिलिसेकंदांचाच असतो, तेव्हा हा उघडण्याचा वेळ हिशेबात धरला नाही तर गाडी मिसिंग मारणारच. हे सगळे बारकावे लोकांनी एकमेकांना लिहून कळवले. स्वस्ताई आली ती या देवाणघेवाणीतून, नुसत्या भागांच्या किमतीतून नव्हे.

कंपनीचाच ईसीयू वाचण्याचा दुसरा मार्गही आहे. सुबारूच्या गाड्यांसाठीचे रोमरेडर हे खुले सॉफ्टवेअर मूळ प्रोग्रॅममधले तक्ते ओळखून दाखवते आणि बदलू देते. या ताकदीबरोबर जबाबदारी येते, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. रस्त्यावरच्या गाडीची धूर-नियंत्रण यंत्रणा निकामी करणे अमेरिकेत बेकायदा आहे, आणि भारतात मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतल्या फेरफारांवर बंधने घालते. पण बंद कोड म्हणजे स्वच्छ हवा, असेही नव्हे. चाचणी चालू आहे हे ओळखून धूर तेवढ्यापुरता कमी करणारे फोक्सवॅगनचे सॉफ्टवेअर २०१५ मध्ये उघडकीला आले. जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते होते.

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ लागू झाले आणि आपल्या स्कूटर-मोटारसायकलींतही इंजेक्शन व ईसीयू आले. त्यामुळे हे गणित आता पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्याइतकेच तालुक्याच्या गॅरेजातही रोज समोर येते. ते शिकायला इंजिन हाताशी नसले तरी चालते. दोन आर्डुइनो घ्यायचे. एकाने आर्डुस्टिम हा खुला प्रोग्रॅम चालवून ३६ वजा १ दात्यांच्या चाकाचा खोटा सिग्नल पाठवायचा, दुसऱ्यावर स्पीडुइनो चढवायचे आणि इंजेक्टरच्या जागी रेझिस्टरसह एलईडी लावायचे. फेरे वाढवत नेले की फवाऱ्याची वेळ बदलताना लॅपटॉपवर दिसते, आणि तक्त्यातला एखादा आकडा बदलला की लगेच किती फरक पडला तेही.