जुनी कॅम्परव्हॅन घेताना आधी पाणी शोधा

पुण्यात विकायला असलेली जुनी कॅम्परव्हॅन बऱ्याचदा ट्रॅव्हलरवर बांधलेली असते. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, १९८७ मध्ये ही गाडी आणली. तिचे सुटे भाग आणि तिच्यावर हात बसलेले मेकॅनिक सहज मिळतात, त्यामुळे इंजिनाची फार धास्ती नको. ओळखीचा मेकॅनिक तेवढा सोबत न्या.

धास्ती पाण्याची घ्यावी. एसी, सोलर पॅनल, हवेची खिडकी, यातलं काहीही बसवताना छताला भोकं पडतात. त्यात भरलेलं सिलिकॉन कालांतराने कडेने सुटतं. मग ताम्हिणीच्या एकाच पावसात पाणी पत्रा आणि प्लाय यांच्या मधल्या सांदीत उतरतं. बाहेरून काही दिसत नाही, आणि वर नवं लॅमिनेट चिकटवलं असेल तर मुळीच नाही.

पलंगाची गादी उचला आणि कोपऱ्यातल्या प्लायवर अंगठा दाबून बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत पुढे सरका. सुका प्लाय टणक वाजतो, कुजलेला भदभद. स्क्रूभोवती तांबूस डाग असेल, तर तिथे ओल मुरलेली आहे. जमिनीवरचं मॅटही उचलायला लावा; मालक कां कूं करू लागला तर तिथूनच परत फिरा. एअर फ्रेशनरचा वास फार येत असेल तरी सावध व्हा. गाडी बघायला पावसाळ्यात, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर जावं. उन्हाळ्यात घेत असाल तर वॉशिंग सेंटरवर छतावर पाइपने दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडायला सांगा आणि आत बसून राहा.

दुसरी गोष्ट वजनाची. कपाटं, बॅटऱ्या, फ्रिज आणि पाण्याची टाकी. १०० लिटर पाणी म्हणजेच १०० किलो. टाकी भरून गाडी वजनकाट्यावर चढवा आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. दिवे घाट उतरताना हा सगळा भार ब्रेकवर येतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली, तरी जुना टायर बदलायचाच. गॅसच्या नळीला आणि जोडांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला की गळती.

आता कागद. यातल्या कित्येक गाड्या पूर्वी टुरिस्ट परवान्यावर धावलेल्या असतात. पिवळी पाटी काढून पांढरी लावली म्हणजे गाडी खासगी होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल केला, तर त्याची आरटीओकडे नोंद लागते. नोंद नसली तर अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो. चॅसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ मागा, आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आणि आरसीवर बदलांची नोंदच नसेल, तर गाडी कितीही मनात भरली तरी इसार देऊ नका.